अमेरिकेचं संविधान सांगलीत बसून कसं वाचायचं?

तुमची अडचण मला जशी समजली तशी आधी मांडतो. सांगलीत लॉच्या शेवटच्या वर्षाला आहात. ‘तुलनात्मक संविधान’ हा ऐच्छिक पेपर घेतलाय. अमेरिकेचं संविधान म्हणजे ७ कलमं आणि २७ दुरुस्त्या; ते एका बैठकीत वाचून संपलं आणि हाती काही लागलं नाही. सरांनी केसेस वाचायला सांगितल्या, तर एकेक निकाल शंभर-शंभर पानांचा. त्यात घरी वडील विचारतात, याचा इथल्या कोर्टात उपयोग काय? म्हणून पेपर बदलावा का, असं तुमचं म्हणणं.

मी साताऱ्याला वकिली करतो आणि जोडीनं लॉच्या मुलांना संविधान शिकवतो, त्यामुळं हा प्रश्न नवा नाही. पेपर बदलायचा की नाही हे पुढं काय करायचंय त्यावर आहे. जेएमएफसीची, म्हणजे तालुका कोर्टातल्या न्यायाधीशपदाची परीक्षा डोळ्यापुढं असेल तर या पेपरचा फायदा जवळजवळ शून्य. तिथं दिवाणी-फौजदारी प्रक्रिया, पुरावा, करार, मालमत्ता हस्तांतरण यांचं वजन. वेळ तिकडंच घाला. एलएलएम करायचं असेल, नेट-सेट देऊन शिकवायचं असेल किंवा रिटचं (हक्क डावलला म्हणून सरकारविरुद्ध थेट हायकोर्टात जाण्याचं) काम मनात असेल तर पेपर ठेवा. रिटचं काम म्हणजे मुंबईच्या चकरा, म्हणून आपल्याकडचा नवा वकील त्या वाटेला सहसा जायचा नाही. ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं आणि सांगली-सातारा दोन्ही जिल्हे त्याच्याकडं आहेत. सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी परत येता येतं. तेव्हा घटनात्मक मुद्दा ही मोठ्या शहरातल्या वकिलांची मिरास आता राहिली नाही.

वडिलांना मात्र खरं ते सांगा. परदेशी निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतो. न्यायाधीशाला त्यातली कारणमीमांसा पटली तर तो आधार घेतो, नाही पटली तर बाजूला ठेवतो. आणि एखाद्या देशाचा कायदा नेमका काय आहे यावरच दावा अवलंबून असेल, तर आपल्याकडं तो कायदा म्हणून नाही, वस्तुस्थिती म्हणून धरला जातो. म्हणजे तो प्लीडिंगमध्ये, दाव्याच्या लेखी कागदांत मांडायचा आणि पुराव्यानं शाबीत करायचा. हरिशंकर जैन विरुद्ध सोनिया गांधी या २००१ च्या निकालात इटलीच्या नागरिकत्व कायद्याबद्दल सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. तज्ज्ञाचं मत घ्यायची तरतूद जुन्या पुरावा कायद्यात कलम ४५ ला होती, नव्या साक्ष अधिनियमात ती ३९ ला गेली. इंटरनेटवरून प्रिंट काढून जज्जसाहेबांपुढं ठेवली की काम झालं, असं होत नाही.

आता मूळ दुखणं. तुम्ही पानांना घाबरलाय असं तुम्हाला वाटतं. मला ते तसं दिसत नाही. आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या डोक्यात एक तक्ता पक्का बसलेला असतो, अभ्यासिकेत एमपीएससीसाठी घोटलेला: मूलभूत हक्क अमेरिकेकडून, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडकडून, समवर्ती सूची ऑस्ट्रेलियाकडून, शेषाधिकार केंद्राला हे कॅनडाकडून, आणीबाणी जर्मनीकडून. एका गुणाच्या प्रश्नाला तक्ता ठीक आहे. पण तोच मनात धरून तुम्ही अमेरिकेचं संविधान उघडता, तिथून काय ‘आणलं’ ते शोधता, हक्कांच्या दुरुस्त्यांवर बोट ठेवता आणि बाकीचं नुसतं डोळ्यांखालून जातं.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांना याच आक्षेपाला तोंड द्यावं लागलं होतं, की हा मसुदा इकडून-तिकडून उचललेला आहे. त्यांनी त्यात लाजण्यासारखं काही मानलं नाही. संविधानाच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं, असं त्यांचं उत्तर होतं. साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेला हा विद्यार्थी १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोचला होता आणि तिथली व्यवस्था त्यानं आत राहून बघितली होती. ते भाषण मुळातून वाचा. कुठली गोष्ट कुठून आली यापेक्षा ती इथं का टिकेल किंवा का टिकणार नाही, यावर त्यांचा सगळा भर आहे.

म्हणून मी मुलांना सांगतो, हा विषय देशाच्या नावानं उघडू नका, भांडणाच्या नावानं उघडा. आपल्या घराजवळचं, ज्याची खडानखडा माहिती आहे असं एक भांडण घ्यायचं आणि विचारायचं: हेच तिकडं झालं असतं तर कुणापुढं गेलं असतं, कुठल्या कलमाखाली, आणि का?

सांगलीकराला भांडण शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी ४५ फुटांकडं सरकायला लागली की घरोघरी कृष्णेवरच्या, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव निघतं. २००५ आणि २०१९ च्या महापुरानंतर तर ‘अलमट्टीचा फुगवटा’, म्हणजे धरणात अडलेलं पाणी नदीत मागं चढणं, शेंबड्या पोरालाही ठाऊक झाला. धरणाची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादानं २०१० मध्ये मान्यता दिली, आणि आपल्या भागाचा त्याला विरोध आहे. फुगवट्यानं पूर किती चढतो यावर जाणकारांत दुमत आहे. तो वाद आपण इथं सोडवणार नाही. आपल्याला फक्त हे भांडण कुठं जातं ते बघायचंय.

आपल्या संविधानाचं कलम १३१ काढा. राज्याराज्यांतले वाद थेट सुप्रीम कोर्टात, असं ते सांगतं, पण सुरुवातच ‘या संविधानाच्या तरतुदींना अधीन राहून’ अशी आहे. त्या तरतुदींतली एक म्हणजे २६२. आंतरराज्य नद्यांच्या पाण्याच्या वादात कोर्टांना, अगदी सुप्रीम कोर्टालाही, अधिकार नसावा असा कायदा संसद करू शकते. संसदेनं १९५६ मध्ये तो केला. त्याचं कलम ११ कोर्टाचं दार बंद करतं. त्याच कायद्याखाली १९६९ मध्ये कृष्णेसाठी बच्छावत लवाद नेमला गेला आणि १९७३ मध्ये त्याचा निवाडा आला.

आता अमेरिकेचं संविधान घ्या, तिसऱ्या कलमाचा दुसरा विभाग. दोन किंवा अधिक राज्यांमधले वाद हे तिथंही सुप्रीम कोर्टाच्या थेट अधिकारात आहेत. तुम्ही ती ओळ वाचली असणार आणि पुढं गेला असणार. पण आपलं २६२ मनात ठेवून वाचा, मग लक्षात येतं की तिथं पाण्याला असा अपवादच नाही. नदीच्या पाण्यावरून एक राज्य दुसऱ्या राज्यावर सरळ सुप्रीम कोर्टात दावा लावतं. कोर्ट एक स्पेशल मास्टर नेमतं. तो आपल्याकडच्या कोर्ट कमिशनरसारखा, फक्त फार मोठ्या प्रमाणावर: साक्षी नोंदवतो, कागद बघतो, अहवाल देतो.

हे भांडण तिथं आधी कुणी केलं? कॅन्ससनं. वरच्या अंगाचं कोलोरॅडो राज्य आर्कान्सा नदीचं पाणी शेतीला उचलतं, आमच्यापर्यंत पोचत नाही, अशी त्यांची तक्रार. १९०७ मध्ये निकाल लागला. दोन्ही राज्यं बरोबरीची, एकाचा नियम दुसऱ्यावर लादता येणार नाही, वाटप न्याय्य असलं पाहिजे, हे तत्त्व कोर्टानं धरलं. आणि कॅन्ससला त्या वेळी मात्र काही मिळालं नाही. तुमचं नुकसान तेवढं मोठं दिसत नाही, वाढलं तर पुन्हा या, असं सांगून परत पाठवलं. न्याय्य वाटपाचं हे तत्त्व संविधानाच्या त्या ७ कलमांत तुम्हाला कुठंही सापडणार नाही. एका बैठकीत वाचून हाती काही का लागत नाही, त्याचं कारण हे. मजकूर तिथं फार थोडं सांगतो, उरलेलं सव्वादोनशे वर्षांच्या निकालांनी भरलंय. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा कोर्टाचा अधिकारसुद्धा मजकुरात नाही. तो १८०३ च्या मारबरी विरुद्ध मॅडिसनमधून आला. आपल्याकडं तोच कलम १३ मध्ये लिहून ठेवलाय.

पुढचा प्रश्न ‘का’चा, आणि गुण खरे तिथंच मिळतात. अमेरिकेत राज्यं आधी होती, संघ नंतर झाला. संघात येताना त्यांनी एकमेकांशी लढायचा आणि परस्पर करार करायचा मोकळा हक्क सोडला. करार करायचा तर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची संमती लागते. मग भांडण न्यायला कोर्टाशिवाय जागा कुठली? आपल्याकडं उलट. १९३५ च्या कायद्यातच पाण्याच्या तक्रारी गव्हर्नर जनरलकडं, चौकशी आयोगाकडून, आणि फेडरल कोर्ट त्यातून बाहेर. २६२ ची मुळं तिथं आहेत. तक्त्यात या कलमापुढं कुठल्याच परदेशाचं नाव तुम्हाला दिसणार नाही.

पण गंमत पुढं आहे. बच्छावत लवाद बसला तेव्हा वाटप कशाच्या आधारावर करायचं, याला आपल्याकडं तयार तत्त्व नव्हतं. लवादानं आधार घेतला तो न्याय्य वाटपाच्या अमेरिकन निकालांचा. म्हणजे कोर्टाचं दार आपण तिथून घेतलं नाही, आत बसून काय बोलायचं ते मात्र घेतलं. आणि आपलं बंद दारही पुरतं बंद राहिलं नाही. ब्रिजेशकुमार लवादाचा निवाडा राजपत्रात छापायला सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये मनाई केली. कावेरीच्या प्रकरणात २०१६ मध्ये तर लवादाच्या निवाड्यावर कलम १३६ खाली (सुप्रीम कोर्टाच्या विशेष परवानगीनं) अपील चालतं असं स्पष्टच सांगितलं. २६२ नुसतं वाचणारा परदेशी विद्यार्थी इथं जसा फसेल, तसेच तुम्ही तिकडं फसता.

सांगलीकरानं वाचावा असा एक ताजा निकाल सांगतो: फ्लोरिडा विरुद्ध जॉर्जिया, २०२१. खालच्या अंगाचं फ्लोरिडा म्हणालं, जॉर्जिया वर जास्त पाणी वापरतं म्हणून आमच्या खाडीतल्या कालवांचा (ऑयस्टर, खायचे शिंपले) धंदा बुडाला. कोर्टानं एकमतानं दावा फेटाळला. कालवं कमी झाली हे खरं, पण ती जॉर्जियामुळंच झाली हे भक्कम पुराव्यानं दाखवता आलं नाही. दुष्काळ आणि फ्लोरिडाची स्वतःची बेसुमार कालवं काढणी हीही कारणं समोर होती. हा निकाल वाचताना फुगवट्याचा वाद आठवल्याशिवाय राहणार नाही. मात्र लगेच जोडून टाकू नका. तिथं तक्रारदार खालचा आहे, इथं वरचा. तिथं पाणी कमी पडलं, इथं जास्त झालं. कुठल्या मुद्द्यावर दोन्ही जुळतात (कारण आणि परिणाम शाबीत करायचं ओझं) आणि कुठं तुटतात, हे लिहिता आलं तर ती तुलना. डाव्या बाजूला भारत आणि उजव्या बाजूला अमेरिका असे दोन रकाने पाडणं ही तुलना नाही, परीक्षकही त्याला कंटाळलेले असतात.

शंभर पानांचं काय करायचं? अमेरिकन निकालाच्या सुरुवातीला ‘सिलॅबस’ असतो. कोर्टाच्या कार्यालयानं केलेला सारांश, निकालाचा भाग नव्हे. आपल्या हेडनोटसारखाच, म्हणून उद्धृत करायचा नाही, वाटाड्या म्हणून वाचायचा. त्यानंतर बहुमताचा निकाल न वाचता थेट विरोधी मत वाचा. ऐकायला उफराटं वाटेल, पण हरलेला न्यायाधीश भांडण कशावरून होतं ते फार स्वच्छ सांगतो. शिवाय कधी कधी तोच पुढं जिंकतो. वर्णभेदाला मान्यता देणाऱ्या १८९६ च्या प्लेसी निकालात न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात होते. १९५४ च्या ब्राउन निकालानं शाळांमधला वर्णभेद मोडला तेव्हा काळ त्यांच्याकडं वळला होता. आपल्या १९५० च्या गोपालन निकालातलं न्यायमूर्ती फझल अली यांचं विरोधी मत आणि १९७८ चा मनेका गांधी निकाल शेजारी ठेवून बघा, तीच चाल दिसेल.

इंग्रजी जड जातं असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेकांना जातं, म्हणून सांगतो. पहिले काही निकाल मराठीत टिपणं काढत वाचा: कोण, कुणाविरुद्ध, काय मागितलं, काय मिळालं, का. डोक्यात मराठीत बसलेली गोष्ट परीक्षेत इंग्रजीत उतरवता येते. उलटं फार कमी जणांना जमतं. जस्टिया, ओयेझ ही संकेतस्थळं फुकट आहेत. ओयेझवर वकिलांचे युक्तिवाद ऐकायलाही मिळतात. इंग्लंडचं सुप्रीम कोर्ट मोठ्या निकालांसोबत छोटा गोषवारा देतं. २०१९ चा संसद स्थगितीचा निकाल त्या गोषवाऱ्यापासून सुरू करा. लिखित संविधान नसलेल्या देशात ११ न्यायाधीश एकमतानं पंतप्रधानांनी राणीला दिलेला सल्ला बेकायदा कसा ठरवतात, हे बघण्यासारखं आहे.

एक सावधगिरी. परदेशी निकाल आज उभा आहे का, हे तपासल्याशिवाय उत्तरपत्रिकेत घालू नका. गर्भपाताच्या हक्कावरचा १९७३ चा रो निकाल आपल्या २०१७ च्या, खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालात चर्चेला आलाय. २०२२ मध्ये अमेरिकन कोर्टानं डॉब्समध्ये तो उलटवला. बाजारातल्या जुन्या गाइडांत रो अजून ठणठणीत आहे.

आणि निकालाबरोबर त्याचा काळही बघा. ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची रास्त प्रक्रिया) हे अमेरिकन शब्द आपण का घेतले नाहीत, याला मुलं ‘अमेरिकेपेक्षा वेगळं हवं होतं म्हणून’ असं काहीतरी लिहितात. १९०५ मध्ये बेकरी कामगारांचे तास दिवसाला १० आणि आठवड्याला ६० पर्यंत मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टानं लॉक्नर खटल्यात याच शब्दांच्या जोरावर रद्द केला होता. पुढची तीन दशकं अशा कामगार कायद्यांवर टांगती तलवार राहिली. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले तेव्हा फ्रँकफर्टर यांनी या शब्दांपासून सावध केलं. जमीन सुधारणा आणि कामगार कायदे करायला निघालेल्या देशाला ती भीती खरीच वाटणार. मग जपानच्या १९४६ च्या संविधानाच्या धर्तीवरचे ‘कायद्यानं ठरवलेली कार्यपद्धती’ हे शब्द आले, त्यातून १९५० चा गोपालन झाला (कायदा असला की पुरे, तो रास्त आहे का हे कोर्ट बघणार नाही), आणि आपल्या कोर्टाला २८ वर्षांनी मनेका गांधीत त्याच दाराशी परत यावं लागलं. हा एक धागा नीट लिहिलात तर अर्धा पेपर निघतो.

अमेरिका हाताशी आल्यावर दुसरा देश कुठला, हे बहुतेक वेळा विद्यापीठाचा अभ्यासक्रमच ठरवतो. निवड तुमच्या हातात असेल तर मी दक्षिण आफ्रिका सुचवीन. त्यांच्या १९९६ च्या संविधानाचं कलम ३९ कोर्टाला परदेशी कायदा विचारात घ्यायची उघड मुभा देतं, त्यामुळं तुलना कशी करायची याचे नमुने त्यांच्या निकालांतच सापडतात. १९९५ मध्ये, अंतरिम संविधान असताना, फाशी रद्द करणारा मक्वान्याने निकाल बघा. त्यात आपला १९८० चा बच्चन सिंग चर्चेला घेतलाय आणि मग बाजूला ठेवलाय, कारण भारताचं कलम २१ कायद्यानं ठरवलेल्या कार्यपद्धतीनुसार जीवित हिरावण्याची शक्यता मान्य करतं, त्यांच्या संविधानात तसे शब्द नव्हते. आपलाच निकाल परक्याच्या टेबलावर कसा दिसतो, हे एकदा वाचलं की आपण दुसऱ्यांचे निकाल कसे वापरावेत याचा अंदाज येतो. जर्मनी मोहक आहे, विशेषतः आपल्या मूलभूत चौकटीच्या सिद्धान्तामागं त्यांच्या कलम ७९ चं (काही मूळ तत्त्वांना दुरुस्तीनंही हात लावता येत नाही) आणि हायडेलबर्गच्या डीटर कॉनराड यांच्या व्याख्यानाचं नाव निघतं म्हणून. पण सगळं भाषांतरातून वाचावं लागतं, पहिल्या सेमिस्टरला नको.

प्रोजेक्ट असेल तर तुमच्याच जिल्ह्यात विषय पडलाय. आटपाडी ज्या औंध संस्थानात होती, त्या संस्थानानं १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं ग्रामपंचायतींवर उभारलेलं स्वराज्य संविधान दिलं. राजानं स्वतःहून सत्ता सोडल्याचा तो दस्तऐवज १९३५ च्या कायद्याशेजारी ठेवून वाचा. मार्गदर्शक सरांना ‘तुलनात्मक’ म्हणजे परदेशीच असा आग्रह असेल तर वाद घालू नका, कृष्णा आणि आर्कान्सा घ्या.

पेपर बदलायची मुदत संपायच्या आत फ्लोरिडाचा निकाल वाचून काढा. तो लहान आहे, एका संध्याकाळचं काम. तो वाचताना कंटाळा आला तर बिनधास्त पेपर बदला. आणि वाचून झाल्यावर जॉर्जियानं नेमका काय बचाव घेतला ते शोधावंसं वाटलं, तर ठेवा.